कूस

कूस हा शब्द आपण बायका दिवसातून किती वेळा आणि किती अर्थांनी वापरतो, ते एकदा मोजून बघा. रात्री झोप लागेना की आपण या कुशीवरून त्या कुशीवर होतो. लेकरू घाबरलं की कुशीत शिरतं. सुनेला दिवस गेले की शेजारीण म्हणते, कूस उजवली हो. आणि बरगड्यांच्या खाली, कमरेच्या वर, बाजूला कळ आली की तेव्हाही आपण म्हणतो, कुशीत दुखतंय. शरीराची बाजू आणि गर्भाशय, दोन्हींना एकच शब्द. संस्कृतातल्या कुक्षीचंही तसंच आहे. पर्युषणात कल्पसूत्राचं वाचन होतं तेव्हा त्रिशलामातेच्या कुक्षीची कथा आपण दरवर्षी ऐकतो. गर्भातल्या महावीरांनी आईला त्रास होऊ नये म्हणून हालचाल थांबवली, ती त्यातलीच.

त्या कथेत आईच्या दुखण्याचा विचार आहे. एरवीच्या आपल्या जगण्यात मात्र बाईच्या कुशीची चौकशी बहुधा एकाच कारणाने झाली. मूल आहे का, आणि मुलगा आहे का. तिची कूस दुखते म्हणजे नक्की काय दुखतं, हे बघायला कुणाला फारशी सवड नव्हती. या लेखात मला मुतखड्याच्या कळेचा आणि ती कळ बघणाऱ्या यंत्राचा इतिहास सांगायचा आहे. तो सांगताना आपल्या समाजाबद्दलही थोडं कडू बोलावं लागेल.

आधी कळ समजून घेऊ. लघवीतले क्षार साठून मूत्रपिंडात खडा तयार होतो. तिथे तो गप्प बसून असेल तर वर्षानुवर्षं कळतही नाही. तो घसरून मूत्रवाहिनीत अडकला की खरं दुखणं सुरू होतं. ही नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. खड्याच्या मागे लघवी तुंबते, मूत्रपिंडाचा आतला भाग फुगतो आणि कुशीत कळ उठते. ती लाटेसारखी येते, जांघेकडे उतरते, उलट्या होतात. अपेंडिक्स सुजलेला माणूस अंग न हलवता पडून राहतो. खडेवाल्याला बसवत नाही, निजवत नाही, तो येरझाऱ्या घालतो. बाळंतपण आणि मुतखडा ही दोन्ही सोसलेल्या बायकांना मी विचारलंय. बऱ्याच जणी म्हणाल्या, बाळंतपण परवडलं, निदान शेवटी हातात काही तरी येतं.

हे दुखणं जुनं आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीवर स्वतंत्र अध्याय आहेत, एक निदानाचा आणि एक चिकित्सेचा. औषधांनी गुण येईना तर मूत्राशयातला खडा शस्त्राने काढायची रीत तिथे पायरीपायरीने दिली आहे. हे काम इतकं धोक्याचं मानलं होतं की वैद्याने आधी राजाची परवानगी घ्यावी, असंही सांगितलं आहे. त्याच अध्यायात बायकांसाठी वेगळी सूचना आहे. बाईचं गर्भाशय मूत्राशयाला अगदी लागून असतं, म्हणून शस्त्र चालवताना दिशा सांभाळावी, नाही तर लघवी झिरपत राहील अशी जखम होते. ही सूचना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पान उलटलं नाही. बाईचं शरीर वेगळं आहे आणि ते लक्षात न घेता हात घातला तर ती जन्मभर भोगेल, हे त्या शल्यवैद्याला ठाऊक होतं.

आपल्या परंपरेतही वैद्यक आहे. नवव्या शतकातल्या उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा ग्रंथ मद्य, मांस आणि मध वगळून चिकित्सा सांगतो. १९४० साली सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेने तो छापला. एक मुनी संपूर्ण वैद्यकशास्त्र लिहितो, याचा अर्थ मी असा घेते की दुखण्यावर इलाज करणं हे व्रताच्या विरुद्ध नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून इथेच सांगून ठेवते.

आता गोव्याकडे येऊ. १५६३ साली गोव्यातच छापलेला गार्सिया द ऑर्ता यांचा औषधींवरचा पोर्तुगीज ग्रंथ जगभर गाजला. इथल्या वैद्यांकडून आणि हकिमांकडून त्यांनी बरंच शिकून घेतलं होतं. त्याच सुमारास स्पेनमध्ये सेव्हिल शहरात मोनार्देस नावाचे वैद्य अमेरिकेहून येणाऱ्या औषधांवर लिहीत होते. त्यांनी एका हिरव्या दगडाची माहिती दिली. तो अंगावर बाळगला की कुशीचं दुखणं थांबतं, अशी समजूत होती. स्पॅनिश भाषेत त्याचं नावच मुळी ‘कुशीचा दगड’. त्या नावातला कूस या अर्थाचा शब्द इहादा, आणि त्यावरूनच पुढे जेड हा शब्द आला. आज ज्वेलरच्या दुकानात जेडचं कानातलं बघताना कुणाला मुतखडा आठवत नाही, पण नावात तो बसलेला आहे.

आपल्याकडेही दगडाचं औषध निघालं. सतराव्या शतकात गोव्यातल्या जेझुइटांकडे गास्पार आंतोनियू नावाचे एक धर्मबंधू होते. बकऱ्याच्या पोटात सापडणारा खडा, कस्तुरी, मोती, प्रवाळ, रत्नांची पूड असं एकत्र करून ते गोळे बनवत. हे ‘गोवा स्टोन’ सोन्याच्या जाळीदार डब्यांत घालून युरोपात जात, आणि श्रीमंत लोक ते किसून पाण्यातून घेत. ताप, विष, कशावरही. असे डबे आज परदेशातल्या मोठ्या वस्तुसंग्रहालयांत आहेत. डबा सुंदर आहे यात शंका नाही. पण आतलं दिसत नाही तेव्हा माणूस काय काय गिळायला तयार होतो, याचा तो नमुनाही आहे.

हे सगळं झालं जुन्या गोव्यातलं. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगिजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात; पेडणे १७८८ साली. आपली माणसं या भागात त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. डिचोली तालुक्यात नार्व्याला आणि कुडण्याला जुन्या जैन मंदिरांचे अवशेष उभे आहेत. १८४२ साली पणजीला वैद्यकशाळा निघाली, तिचंच पुढे १९६३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झालं. पण नव्या काबिजादीतल्या खेड्यात कूस दुखली तर घरचं कुळथाचं कढण, गोखरू, पाषाणभेद आणि गावचा वैद्य, इतकंच हाताशी होतं. कुळीथ आयुर्वेदातही अश्मरीवर सांगितलेला आहे, म्हणजे आजीचा उपाय अगदीच हवेतला नव्हता. पण कढण पिऊन खडा पडला की पडायचाच होता तो पडला, हे सांगणार कोण? आत कुणी बघितलेलं नव्हतं.

याच पेडणे महालातून एक मुलगा मुंबईला गेला आणि डॉक्टर झाला. मांद्र्याचे भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. कुष्ठरोगावरच्या औषधाचा त्यांनी शोध घेतला, मुलींच्या शाळांना पाठबळ दिलं, आणि मुंबईचं वस्तुसंग्रहालय आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. पण डॉक्टर होण्याच्या आधीच त्यांचं नाव झालं होतं ते एका निबंधामुळे. १८४७ सालच्या त्या बक्षीसपात्र निबंधाचा विषय होता कच्छ-काठेवाडातली बालिकाहत्या. जन्मलेल्या मुलीला मारायची चाल. पेडण्याच्या माणसाने त्या विषयावर लिहिल्याला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. विषय संपला का, ते आता बघू.

शरीराच्या आत न कापता बघायची पहिली सोय झाली ती क्ष-किरणांची. १८९५ मध्ये राँटगेन यांनी ते शोधले आणि दुसऱ्याच वर्षी ग्लासगोच्या जॉन मॅकिन्टायर यांनी मूत्रपिंडातल्या खड्याचं चित्र काढलं. त्याच ग्लासगो शहरात साठ वर्षांनी सोनोग्राफी उभी राहिली. इयन डोनाल्ड हे प्रसूतितज्ज्ञ १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून बॉयलरच्या कारखान्यात घेऊन गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र होतं. पोलादातली भेग दिसते तर पोटातली गाठ का दिसू नये, असा साधा विचार. पुढे त्यांच्याकडे एक बाई आली. पोटाचा कॅन्सर, काही करता येणार नाही, असं तिला सांगून झालं होतं. यंत्राने दाखवलं की ती बीजकोशातली पाण्याची भलीमोठी गाठ आहे. गाठ काढली आणि बाई वाचली. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या शल्यवैद्यांनी याच ध्वनिलहरींनी मूत्रपिंडातल्या खड्याची जागा शोधली.

सांगायचं हे की सोनोग्राफीचा जन्म बाईच्या पोटावरच झाला, आणि तो तिचं दुखणं शोधण्यासाठी झाला. आपल्याकडे आल्यावर मात्र तिला दुसरंच काम लागलं.

सत्तरच्या दशकात गर्भजलाच्या तपासणीने आणि नंतर सोनोग्राफीने आपल्या देशात मुलगी ओळखून ती नको म्हणायला सुरुवात झाली. महाराष्ट्रातल्या स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. त्याच काळातली आकडेवारी आपल्या घरातली आहे, म्हणून नीट वाचा. २००१ च्या जनगणनेत जैन समाज देशात सर्वांत साक्षर होता. ९४ टक्के लोक साक्षर, बायकांतही ९० टक्क्यांहून जास्त. आणि सहा वर्षांखालच्या मुलांत हजार मुलग्यांमागे आपल्याकडे मुली होत्या ८७०. संपूर्ण देशाची सरासरी होती ९२७. दहा वर्षांनी आपला आकडा ८८९ झाला. सुधारणा झाली, पण देशाच्या सरासरीला आपण तेव्हाही पोचलो नव्हतो.

पाणी गाळून पिणारा, मुंगी चिरडू नये म्हणून पाऊल जपून टाकणारा समाज. शिकलेला, पैसे मोजू शकणारा. म्हणूनच सोनोग्राफी त्याच्या आवाक्यात आधी आली. हे मी कुणा परक्याकडून ऐकलेलं नाही, सरकारी मोजणीत ते लिहिलेलं आहे. प्रवचनाला आपण हा आकडा काढत नाही. काढायला हवा.

या इतिहासामुळे यंत्राला कुलूप लागलं. सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदवलेलं हवं, ते कुठे ठेवलंय आणि कोण चालवतं ते लिहिलेलं हवं. २०१२ च्या नियमांनी हातात उचलून नेता येणाऱ्या यंत्रांवर आणखी बंधन आलं. नोंद झालेल्या आवारात तिथल्या रुग्णांसाठी, नाही तर इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकात, एवढ्यापुरतीच ती वापरता येतात. २०१४ च्या नियमांनुसार एमबीबीएस डॉक्टरला सोनोग्राफी करायची तर सहा महिन्यांचं प्रशिक्षण लागतं. मी या कायद्याच्या बाजूची आहे. पण त्याची किंमत कुणी मोजली हेही बघायला हवं. ज्या यंत्राने तिची लेक जन्मण्याआधी नाहीशी केली, तेच यंत्र तिच्या कुशीत कळ उठली त्या रात्री कपाटात बंद राहिलं.

ही किंमत मी जवळून बघितली आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई पेडणे तालुक्यात असतात. काही वर्षांमागे पर्युषणात त्यांनी अठ्ठाई धरली होती. आठ दिवस अन्न नाही, उकळलेलं पाणी तेवढं, तेही सूर्य बुडेपर्यंत. सहाव्या दिवशी रात्री डाव्या कुशीत कळ सुरू झाली. त्यांना वाटलं पित्त असेल. अकराच्या सुमारास उलट्या होऊ लागल्या तेव्हा पुतण्याने गाडी काढली. जवळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, बोलले चांगलं. पण सोनोग्राफी सकाळीच होईल म्हणाले, आणि त्या सकाळी यंत्र चालवणाऱ्या डॉक्टर येणार नव्हत्या. मग १०८ बोलावली. ही रुग्णवाहिका सेवा गोव्यात २००८ पासून आहे, आणि तिच्या आधीचे दिवस आठवले की हात जोडावेसे वाटतात. पेडण्याहून दक्षिणेला यायचं म्हणजे शापोरा नदी ओलांडायची. शिवोली-चोपड्याला पूल नव्हता तेव्हा तिथे फेरीबोट होती, आणि रात्री-अपरात्री दुखणाऱ्या माणसाला काठावर थांबावं लागायचं. आता पूल आहेत. तरी कळ सोसत जाताना तो रस्ता किती लांब होतो, ते आत झोपलेल्यालाच ठाऊक.

मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने जाऊबाईंना आधी शेवटची पाळी विचारली, मग चाकांवरचं यंत्र खाटेपाशी ओढून आणलं. मी बाजूला उभी होते. कुशीवर थंड जेल लावलं, हाताएवढा प्रोब बरगड्यांमध्ये टेकवला आणि पडद्यावर घेवड्याच्या दाण्यासारखं मूत्रपिंड आलं. तिने उजवीकडचंही बघितलं, कारण दोन्ही बाजू तोलून बघितल्याशिवाय फरक कळत नाही. मग मूत्राशय बघितलं. म्हणाली, "काकू, आत्ता फारशी सूज दिसत नाही. पण तुमच्या अंगात पाणीच नाही. थोडं सलाइन जाऊ दे, मी परत बघते." तासाभराने परत बघितलं तेव्हा डाव्या मूत्रपिंडाच्या पांढऱ्या गाभ्यात काळी पोकळी स्पष्ट दिसली. तुंबलेली लघवी. पुढे काय करायचं ते त्यावरून ठरलं, आणि चौथ्या दिवशी खडा आपोआप पडला.

तिने नंतर मला जे समजावलं आणि मी पुढे जे वाचलं, ते तुम्हालाही माहीत असावं.

सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. मूत्रवाहिनीतला खडा बहुधा यंत्राला दिसत नाही, मध्ये आतडी आणि त्यातली हवा येते. दिसते ती खड्यामागे तुंबलेली लघवी. नदीला बांध कुठे घातलाय ते लांबून दिसलं नाही तरी वरच्या बाजूला शेतात शिरलेलं पाणी दिसतं, तसं. म्हणूनच अंग कोरडं पडलेल्या माणसाच्या मूत्रपिंडात सूज कमी दिसते किंवा दिसतच नाही. निर्जळी उपवासात कूस दुखली आणि सोनोग्राफी नॉर्मल आली, तर खडा नाहीच असं धरून चालू नये. उलट गरोदरपणात मूत्रपिंड, विशेषतः उजवं, खड्याशिवायही थोडं फुगलेलं असतं. तेव्हा गरोदर असाल तर ते आधी सांगावं.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या १५ तातडीच्या विभागांत २७५९ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. कुशीत कळ घेऊन आलेल्यांपैकी काहींची आधी सीटी स्कॅन केली, काहींची रेडिओलॉजिस्टकडून सोनोग्राफी, आणि काहींची तिथल्या तिथे इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी खाटेपाशीच सोनोग्राफी केली. खडा नेमका ओळखण्यात सीटी कितीतरी पुढे होती; खाटेपाशीच्या सोनोग्राफीतून जवळजवळ निम्मे खडे निसटले. तिच्यातल्या साधारण ४० टक्के लोकांना नंतर सीटी लागलीच. तरीही धोक्याचं काही सुटून गुंतागुंत होण्याचं प्रमाण तिन्हीकडे सारखंच कमी राहिलं, आणि सोनोग्राफीने सुरुवात झालेल्यांच्या अंगावर किरणोत्सर्ग बराच कमी गेला. म्हणजे आधी खाटेपाशी बघावं आणि लागली तरच सीटी करावी, यात नुकसान नाही. मूल होण्याच्या वयातल्या बाईला याचा फायदा जास्त.

बायकांसाठी आणखी एक गोष्ट. मुतखड्याची शक्यता मोजायला डॉक्टरांनी गुणांची एक पद्धत केली आहे. तीत नुसतं पुरुष असण्याचे दोन गुण आहेत आणि बाई असण्याचा शून्य. ऐकायला राग येतो, पण त्यात तथ्य आहे. खडे पुरुषांत जास्त होतात, आणि बाईची कूस दुखायला इतर कारणंही असतात. बीजकोशाला पीळ पडतो. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होतो. गर्भ नळीत राहून नळी फुटते, आणि तिथे तास-दोन तासांचा प्रश्न असतो. आता गंमत बघा. उजवं मूत्रपिंड बघायला प्रोब जिथे टेकवतात, तिथेच यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट दिसते. नळी फुटून पोटात रक्त साठलं तर ते या फटीत काळ्या पट्टीसारखं दिसतं. कूस बघता बघता गर्भाचं संकट दिसतं. आपल्या शब्दाचे दोन अर्थ त्या एका जागेवर भेटतात. म्हणून डॉक्टरांनी पाळीची तारीख विचारली तर लाजू नये, सासूबाई शेजारी असल्या तरी खरं सांगावं. आणि कुशीत दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप असेल तर सकाळची वाट बघू नये. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर मूत्रपिंड आणि जीव दोन्हींवर बेततं.

राहिला पाण्याचा प्रश्न. खड्याचं सर्वांत साधं कारण अंगात पाणी कमी जाणं. बाजारात बसणारी बाई पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते. आपण पीत नाही, कारण एक तर कामात लक्ष राहत नाही, आणि सूर्य बुडाल्यावर चौविहार. एकदा खडा झालेल्या माणसाला दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगतात. चौविहार पाळून ते जमतं, पण मग सकाळपासून ठरवून प्यावं लागतं. संध्याकाळी पाच वाजता तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन भागत नाही. जेवणातलं मीठ कमी करावं. दूध-दही मात्र खड्याच्या भीतीने सोडू नये. गोव्यात कुणी ना कुणी बियर सुचवणारा भेटतोच. त्याला हसून नाही म्हणावं, ते औषध नव्हे.

आणि ज्यांना पूर्वी खडा झाला आहे त्यांनी अठ्ठाई धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. याने पुण्य कमी होतं असं कुणी म्हटलं तर पच्चक्खाणाचे शब्द आठवावेत. त्यात आगार असतात, म्हणजे आधीच ठेवलेल्या सुटी. असह्य दुखण्याने समाधी ढळत असेल तर औषध-पाणी घ्यायची सूट त्यातच आहे. व्रत घालून देणाऱ्यांनी माणसाचं शरीर विचारात घेतलं होतं. जाऊबाईंना त्या रात्री हे कुणी सांगितलं असतं तर अकरा वाजेपर्यंत त्या पित्त समजून बसल्या नसत्या. त्यांना पारणं मोडल्याची खंत कळेपेक्षा जास्त दिवस राहिली.

कायद्याबद्दल शेवटचं. तो मूत्रपिंड बघायच्या आड येत नाही. यंत्र कुठे आहे आणि कोण वापरतं याचा हिशेब ठेवा, एवढंच मागतो. इस्पितळाच्या तातडीच्या विभागातलं यंत्र नोंदवता येतं, तिथल्या डॉक्टरांना शिकवून त्यांची नावं नोंदवता येतात. भारतात इमर्जन्सी मेडिसिन ही स्वतंत्र शाखा म्हणून २००९ मध्येच मान्य झाली, त्यामुळे खाटेपाशी यंत्र नेण्याची सवय अजून सगळीकडे पोचलेली नाही. पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांत ती पोचायला हवी. शहरातल्या बाईपेक्षा तिथल्या बाईला तिची गरज जास्त आहे, कारण मोठ्या इस्पितळात पाठवायचं की नाही, हे त्या पाच मिनिटांत ठरू शकतं.

आपले ट्रस्ट इस्पितळांना देणग्या देतात. बाकडी, पाण्याचे कूलर, नावाच्या पाट्या. पुढच्या चातुर्मासात महिला मंडळाच्या सभेत मी एक ठराव मांडणार आहे. एका सरकारी इस्पितळाला तातडीच्या विभागासाठी सोनोग्राफीचं यंत्र द्यायचं, नोंदणी करून, कायदा तंतोतंत पाळून, आणि दोन डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा खर्चही उचलायचा. ज्या समाजाचा आकडा ८७० होता, त्याने हे यंत्र बायकांच्या दुखण्यासाठी द्यावं, हे मला योग्य वाटतं. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर देणगीदाराचं नाव नको. गर्भलिंग तपासणी इथे होत नाही, ही कायद्याची पाटी असतेच. तिच्याखाली एवढंच लिहावं: कुशीत दुखत असेल तर सांगा, आत्ता बघू.